कृष्णगिरीचे रान आणि आपण

पालघर-बोईसरकडून मुंबईस जाणाऱ्या गाडीत डाव्या बाजूची खिडकी मिळाली, तर विरार-वसईच्या सुमारास पूर्वेकडे तुंगारेश्वरचे डोंगर दिसू लागतात. पुढे वसईची खाडी आडवी येते, गाडी पुलावरून पार होते आणि थोड्या वेळाने पुन्हा डोंगर उभे राहतात. हे दुसरे डोंगर म्हणजे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. खाडीने मधे पाणी घातले म्हणून आपण यांना दोन निरनिराळी राने समजतो. वस्तुतः रान एकच आहे. या उद्यानाचा नागला नावाचा एक तुकडा तर खाडीच्या उत्तर तीरावर, म्हणजे आपल्याच बाजूला आहे. तेव्हा मुंबईकरांच्या या उद्यानाविषयी बोलताना आम्ही परक्या गावची गोष्ट सांगत आहोत, असे कोणी मानू नये.

उद्यान हा शब्द ऐकला की फुलांचे ताटवे, बाके आणि भेळवाला डोळ्यांपुढे येतो. येथे तसले काही अगदीच नाही असे नाही. प्रवेशद्वाराजवळ मुलांची झुकझुक गाडी, गांधी टेकडी आणि सिंहविहार यांची मौज आहेच. परंतु ती नुसती ओसरी झाली. घर आत आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरांचे हे अरण्य मुंबई उपनगर आणि ठाणे यांच्या मधोमध पसरले आहे. पूर्वी यास कृष्णगिरी उपवन म्हणत. पुढे त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळाले. कोट्यवधी वस्तीच्या शहराच्या अंगणात बिबट्या मोकळा फिरतो, असे दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी आढळते.

आता प्रश्न असा की, जेथे हातभर जमिनीसाठी भांडणे होतात, तेथे एवढे रान शिल्लक राहिले कसे? आमच्या मते याचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द म्हणजे पाणी.

प्रथम कान्हेरीचेच पाहा. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. तेथील प्राचीन शिलालेखांतून त्याचे ‘कण्हसेल’ असे प्राकृत रूप येते. ज्वालामुखीने घडविलेल्या या काळ्या खडकात इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षू वसत होते, आणि त्यांनी शंभराहून अधिक लेणी कोरविली. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील चैत्यगृह, त्याच्या ओसरीतील प्रचंड बुद्धमूर्ती आणि अकरा मुखांचा अवलोकितेश्वर पाहण्यासाठी लोक जातात, ते योग्यच आहे. परंतु पाहणाऱ्याने जरा पायांखालीही पाहावे. बहुतेक लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेली पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आहे. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस पन्हळींतून त्या टाक्यांत उतरावा अशी योजना केलेली आहे. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, हे कोकणातले जुने कोडे त्या भिक्षूंनी छिन्नीने सोडविले होते.

या लेण्यांचा खर्च भरणारे दाते कोठले होते? कल्याणचे होते, तसेच सोपाऱ्याचेही होते. सोपारा, म्हणजे आजचे नालासोपारा, 2014 साली झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्यातच येते. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला. त्या बंदराच्या व्यापारातून मिळालेला पैसा कान्हेरीच्या खडकात मुरला. पुढे 1009 आणि 1021 साली इराणी धर्माच्या प्रवाशांनी येथे येऊन पहलवी लिपीत आपली नावे कोरली. डोंगर एका धर्माचा, पाहुणे दुसऱ्या धर्माचे. आणि दोघांच्याही खुणा त्याने सांभाळल्या.

दुसरा अध्याय इंग्रजांच्या काळातला. वाढत्या मुंबईला विहिरी-तळी पुरेनात, तेव्हा 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी हे तलाव बांधून झाले. तलावाचे पाणी निर्मळ राहायचे, तर भोवतालच्या डोंगरावर वस्ती होता कामा नये. म्हणून ती जमीन राखली गेली आणि तिच्याबरोबर जंगलही राखले गेले. दहिसर नदी तुळशीच्या बाजूने निघते, तर मिठी नदीला विहारचे पाणी मिळते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने हाहाकार केला. नदीच्या पात्रात भराव घालून आपण तिची वाट अडवितो आणि मग तिला दोष देतो!

या रानात माणसेही आहेत. येथील पाड्यांतून राहणारे वारली हे आपल्या डहाणू-जव्हारच्या वारल्यांचेच भाऊबंद. येथील उतारांवर कारवी दाट वाढते. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा डोंगर जांभळा होतो. त्याच कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण आणि त्यावर तांदळाच्या पिठाची चित्रे, असे वारल्याचे घर असते. जंगलातील अतिक्रमणाविरुद्ध 1995 साली जनहितयाचिका झाली आणि 1997 मध्ये उच्च न्यायालयाने झोपड्या हटविण्याचा आदेश दिला. रान वाचविणे आवश्यक होते, यात आम्हांस शंका नाही. परंतु काल आलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला यांना एकाच मापाने मोजले, तर कायदा पाळला जातो आणि न्याय मात्र बाहेर उभा राहतो.

बिबट्याचेही तसेच. सन 2004 च्या सुमारास त्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. रानाच्या कडेला कचरा साचला की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. शिवाय अन्यत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडले जात, हेही एक कारण अभ्यासकांनी दाखविले. म्हणजे रोग रानाचा नव्हता, आपल्या वागण्याचा होता.

आता आपल्या दाराशी येऊ. 2003 मध्ये तुंगारेश्वरला अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर आहे. बोरिवलीचे रान जगायचे तर त्याचा तुंगारेश्वरशी संबंध टिकला पाहिजे. जनावरांची नवी पिढी नव्या मुलखात गेली नाही, तर उद्यान हे बेट होते, आणि बेटावरचे रक्त हळूहळू क्षीण होते. अहमदाबादचा महामार्ग, लोहमार्ग, गोदामे आणि नव्या वसाहती ही वाट रोज अरुंद करीत आहेत. रस्ते नकोत असे आम्ही म्हणत नाही. परंतु रस्त्याखालून जनावराला वाट ठेवणे हे आराखड्यात आधी लिहिता येते. मागाहून लिहिणे फार महाग पडते.

आणि पाणी? तारापूरच्या कारखान्यांना सूर्या नदीचे पाणी मिळते. वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठीही तीच योजना पुढे नेली गेली. विहारचे काम जे होते, ते आज धामणीच्या धरणाचे आहे. विहारभोवती रान राखले म्हणून मुंबईला उद्यान मिळाले. धामणीच्या वरचे डोंगर बोडके झाले, तर आपल्या हाती गाळ उरेल.

पुढच्या वेळी पुलावरून जाताना गाडीच्या दोन्ही टोकांचे डोंगर एकदा नीट पाहा. मधली खाडी देवाने घातली आहे, तिला इलाज नाही. मधल्या भिंती मात्र आपण घालीत आहोत, आणि त्या न घालणे अजून आपल्या हाती आहे.