तेलकुंडाची निचरा-झडप : एका लहान सुधारणेचे गुणदोष

अंतर्ज्वलन एंजिनातील वंगणतेलाचे कार्य केवळ घर्षण कमी करण्यापुरते मर्यादित नसते. घासणाऱ्या भागांतील उष्णता वाहून नेणे, ज्वलनातून निर्माण होणारी काजळी व आम्ले सामावून घेणे आणि झिजेने सुटलेले धातूचे कण गाळणीपर्यंत पोहोचविणे, ही कामेही तेच करते. ती करता करताच तेल निकामी होत जाते. म्हणून ठराविक अंतर चालल्यावर ते काढून नवे भरावे लागते. या नित्याच्या क्रियेत ज्या छिद्रावाटे तेल बाहेर पडते त्याच्या बुचाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. या बुचाऐवजी झडप बसविल्यास काय साधते आणि त्याची किंमत कोणती, याचा विचार येथे केला आहे.

एंजिनाच्या तळाशी तेलकुंड असते. कारागीर त्यास ‘चेंबर’ म्हणतात. त्याच्या सर्वांत खोल भागी आटे पाडलेले एक छिद्र असून ते बुचाने बंद केलेले असते. अनेक मोटारींत हे आटे १२ किंवा १४ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर अंतराचे असतात. बूच बहुधा पोलादाचे असते. कुंड मात्र पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. दर वेळी बूच काढून पुन्हा आवळताना या दोहोंपैकी मऊ धातूचे आटे झिजतात. पाना गरजेपेक्षा अधिक फिरविला किंवा बूच तिरके बसले, तर आटे एका क्षणात निकामी होतात आणि बुचाच्या चुकीसाठी संपूर्ण कुंड बदलण्याची पाळी येते. उलट, बूच सैल राहिले तर वाटेत तेल गळते व एंजिन जाम होऊ शकते. चेपून तेल अडविणारा मऊ धातूचा वायसरही दर खेपेस नवा घालावा लागतो.

निचरा-झडपेची कल्पना या पुनरावृत्तीवरच घाव घालते. झडप बुचाच्या जागी एकदाच आवळावयाची. त्यानंतर आट्यांना हात लावावयाचा नाही. जपानमधील फुमोटो या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रकारात पितळी कवचाच्या आत आरपार छिद्र असलेला एक गोळा असतो. दांडी पाव फेरा फिरविली की गोळ्यातील छिद्र मार्गाशी एकरेषेत येते आणि तेल वाहू लागते. उलट फिरविली की मार्ग बंद होतो. दांडी एका खाचेत अडकलेली असते व स्प्रिंग तिला तेथेच दाबून धरते. ती आधी उचलावी आणि मगच फिरवावी, अशी ही योजना असल्यामुळे केवळ धक्क्याने झडप उघडण्याचा संभव फार कमी होतो. काही नमुन्यांना खाली नळीचे तोंड असते. त्यावर रबरी नळी चढविल्यास तेल थेट डब्यात उतरविता येते.

झडपेमुळे तेल लवकर बाहेर पडते, अशी समजूत होणे साहजिक आहे. पण वस्तुस्थिती याच्या उलट आहे. बुचाचे छिद्र १२ मिलिमीटरचे व झडपेतील मार्ग ८ मिलिमीटरचा धरला, तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ वरून ५० चौरस मिलिमीटरवर येते, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. टॉरिचेलीच्या नियमानुसार १० सेंटिमीटर उंचीच्या तेलाचा आदर्श वेग सेकंदाला १.४ मीटर येतो. प्रत्यक्षात मात्र श्यानता आडवी येते. ‘एसएई ३०’ प्रतीच्या तेलाची गतिक श्यानता १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद असते. ४० अंशांस ती सुमारे दसपट होते. त्यामुळे वरील वेगाने काढलेला रेनॉल्ड्स अंक गरम तेलासाठी हजाराच्या आसपास, तर कोमट तेलासाठी शंभराच्या घरात येतो. म्हणजे तेल जितके थंड, तितका अरुंद मार्गाचा जाच अधिक. एंजिन गरम असताना तेल काढावे हा जुना नियम झडपेच्या बाबतीत दुप्पट लागू पडतो. वाचतो तो वेळ पाना लावण्याचा व हात पुसण्याचा. तेल वाहण्याचा नव्हे.

दुसरा प्रश्न कुंडात मागे राहणाऱ्या तेलाचा. झडपेचे आटे कुंडाच्या तळापेक्षा २ मिलिमीटर वर आले आणि सपाट तळाचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर असले, तर सुमारे १०० घन सेंटिमीटर तेल आतच राहते. चार लिटरच्या मानाने हे प्रमाण अडीच टक्के भरते. ते घातक नसले तरी सर्वांत जड गाळ तळाशीच असतो, हे विसरता येत नाही. चुंबकी बूच काढून टाकल्यास त्यावर जमणारा लोखंडी कीस पाहून एंजिनाच्या झिजेचा अंदाज घेण्याची सोयही जाते. उलट, चाचणीसाठी थोडेसे तेल काढणे झडपेमुळे सुलभ होते.

झडपेचा सर्वांत मोठा दोष तिच्या लांबीत आहे. ती बुचापेक्षा खाली येते. खडकाळ रस्त्यावर तिला दगडाचा मार बसू शकतो. म्हणून कुंडाच्या तळाखाली तिचा भाग किती येतो, हे बसविण्यापूर्वी मोजणे अगत्याचे आहे. छोट्या विमानांच्या एंजिनांतही अशा झडपा वापरतात. तेथे पुढील चाक आत ओढले जाणारे असेल, तर त्याच्या मार्गात झडप येत नाही ना, हे पाहणे जीवनमरणाचे ठरते.

झडपेचा खरा लाभ प्रवाहावरील नियंत्रणात आहे. बूच सुटताच गरम तेल बोटांवर व मनगटावर उसळते. झडपेने ते टळते. पेट्रोल एंजिनातील तेलात वापराबरोबर बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बने वाढतात आणि अशा तेलाने उंदरांच्या त्वचेवर कर्करोग होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील कामगारांना खनिज तेलामुळे होणारा त्वचेचा कर्करोग १९२० नंतरच्या दशकात वैद्यकाला सुपरिचित झाला होता. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला जळके ऑईल फासण्याची आपल्याकडील चाल या दृष्टीने पुन्हा तपासावयास हवी. नळीवाटे डब्यात उतरलेले तेल जमिनीत मुरत नाही, पुनर्शुद्धीकरणासाठी देता येते. भारतात वापरलेल्या तेलाबाबत उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले. पण तेल गोळा होण्याची सुरुवात गाडीखालच्या भांड्यापासूनच होते.

तात्पर्य, निचरा-झडप हे वेगाचे साधन नव्हे. वारंवार झिजणारा सांधा ती स्थिर करते आणि मोकाट धार ताब्यात आणते. मोबदल्यात थोडे तेल मागे ठेवते व गाडीखाली थोडी जागा मागते. सपाट रस्त्यावर नियमित चालणाऱ्या वाहनास हा व्यवहार लाभाचा आहे. दगडधोंड्यांतून जाणाऱ्या वाहनास साधे बूच आणि बेताने फिरविलेला पानाच श्रेयस्कर.