लघुग्रहावर माणूस जाईल का?

वाशीमहून रिसोडमार्गे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेलात, तर १.८ किलोमीटर रुंदीचं विवर दिसतं. फार पूर्वी आकाशातून आदळलेल्या दगडाने ते काळ्या फत्तरात खणलं! असे लघुग्रह आजही पृथ्वीच्या आसपास फिरतात. मग आपणच तिकडे गेलो तर?

चंद्र तीन दिवसांवर. लघुग्रहाची जा-ये मात्र कित्येक महिन्यांची. तेवढं अन्न, पाणी, हवा न्यायची, घातक किरणांपासून वाचायचं. वाटेत कुणी आजारी पडलं, तरी झटकन मागे वळता येत नाही.

पोचल्यावर तर गंमतच! बेन्नू हा लघुग्रह जेमतेम अर्धा किलोमीटरचा. तिथे गुरुत्वाकर्षण इतकं कमी, की साधी उडी मारली तरी माणूस अवकाशात निघून जाईल. म्हणजे चालायचं नाहीच, दोराने बांधून घ्यायचं.

२०२५ पर्यंत माणूस पाठवू, असं अमेरिकेने २०१० साली जाहीर केलं होतं. तो बेत पुढे बारगळला. ओसायरिस-रेक्स या यानाने मात्र २०२३ मध्ये बेन्नूची माती आणली, सुमारे १२१ ग्रॅम. चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या वीरांनी आणली होती ३८२ किलो!