भाभांचं विमान आणि ट्रॉम्बेची आग

२४ जानेवारी १९६६. दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी होता आणि त्याच सकाळी एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर आदळलं. सगळे ११७ जण गेले. त्यांत व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेले, भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख डॉ. होमी भाभा होते. तेराच दिवसांपूर्वी ताश्कंदला पंतप्रधान शास्त्रीजींचा मृत्यू झाला होता. परवानगी मिळाली तर अठरा महिन्यांत अणुबॉम्ब करू, असं भाभा त्याआधी जाहीरपणे बोलले होते. घातपाताचा संशय आला नसता तरच नवल!

पण या अपघाताची कागदोपत्री चौकशी झालेली आहे आणि ती बारकाईनं वाचण्यासारखी आहे. विमानात जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून आपली जागा ठरवणारी दोन यंत्रं होती. त्यांतलं एक बैरुतहून निघतानाच नादुरुस्त होतं. त्यामुळे माँ ब्लां ओलांडला, असा वैमानिकाचा हिशेब झाला. जिनिव्हाच्या रडार नियंत्रकाच्या हे लक्षात आलं. माँ ब्लां अजून पाच मैल पुढे आहे, असं त्यानं कळवलं. मात्र त्या निरोपाचा अर्थ वैमानिकापर्यंत नीट पोचला नाही. तो उतरू लागला आणि सुमारे ४,७५० मीटर उंचीवर विमान कड्याला धडकलं. फ्रेंच चौकशी मंडळाचा निष्कर्ष हाच.

३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' जवळपास याच जागी आदळून ४८ जण मेले होते. त्यात कुणी अणुशास्त्रज्ञ नव्हता, म्हणून तो अपघात अपघातच राहिला.

मग भाभांच्या मृत्यूशी अमेरिकी गुप्तहेर खात्याचं नाव जोडलं गेलं कुठून? त्या खात्याचा माजी अधिकारी रॉबर्ट क्राउली याच्याशी म्हणे झालेल्या संभाषणांतून. ती छापली ग्रेगरी डग्लस या लेखकानं, आणि तीही क्राउलींच्या मृत्यूनंतर. हिटलरच्या गेस्टापो प्रमुखाच्या नावावर बनावट कागदपत्रं छापल्याचा आरोप याच डग्लसवर आहे. एवढ्याशा खुंटीवर केवढं गाठोडं टांगलंय! २०१२ साली बोसाँ हिमनदीत परराष्ट्र मंत्रालयाची टपालपिशवी सापडली, तेव्हाही कुजबुज वाढली. पिशवीतून निघाली मुख्यतः वर्तमानपत्रं आणि कॅलेंडरं.

विक्रम साराभाईंची गोष्ट वेगळी. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळमच्या हॅल्सियन कॅसलमध्ये ते मृतावस्थेत आढळले. वय ५२. अणुऊर्जा आणि अवकाश, दोन्हींचा भार त्यांच्या डोक्यावर होता. कारण हृदयविकार सांगितलं गेलं, पण शवविच्छेदन झालं नाही. हृदयविकार असेलही, मला तरी तीच शक्यता मोठी वाटते. तरी एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस अचानक जातो आणि तपासणीविना अंत्यसंस्कार होतात, तेव्हा संशयाला जागा सरकारनंच करून दिली असं म्हणावं लागतं.

यानंतरचे मृत्यू फारसे कुणाला आठवत नाहीत. २००९ ते २०१३ या काळात अणुऊर्जा खात्याच्या ११ शास्त्रज्ञांचे अनैसर्गिक मृत्यू झाल्याचं माहिती अधिकारातून बाहेर आलं. आकडा दचकवतो, पण ११ कितींमागे? देशात त्या सुमारास वर्षाला लाखामागे अकराजण आत्महत्या करत होते आणि खात्याची माणसं हजारोंच्या घरात आहेत. नुसत्या आकड्यावरून कट सिद्ध होत नाही. एकेका मृत्यूची फाइल उघडूनच बोलावं लागेल.

आणि तीच फाइल उघडत नाही. २९ डिसेंबर २००९ रोजी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक दगावले. अणुभट्टीत नव्हे, साध्या प्रयोगशाळेत. आग कशी लागली, असा प्रश्न घरच्यांना पडणं साहजिक होतं. अशा वेळी गोपनीयतेचा कायदा पुढे करण्यापेक्षा चौकशीचा अहवाल समोर ठेवणं सरकारच्याच हिताचं असतं. अणुभट्टीची गुपितं झाकायची ती झाका. शवविच्छेदन आणि आगीचं कारण ही काही संरक्षणाची गुपितं नव्हेत.

भाभांचा मृत्यू या सगळ्यांत सर्वांत नीट उलगडलेला आहे, आणि संशयाचा बाजार सर्वाधिक त्याच्याभोवती आहे. तेव्हा पुढच्या वेळी भाभांच्या 'हत्ये'ची चित्रफीत तुमच्या मोबाइलवर आली, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: ट्रॉम्बेच्या त्या दोन तरुणांबद्दल काही माहीत आहे का?