काळोखी रानातून चालताना

मागच्या वेळी आपण अ‍ॅरिस्टॉटलच्या धैर्यविचारापाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जायचं आहे, पण पुढच्या दारानं न जाता परसदारानं जाऊ, कारण मधल्या काळात एक पत्र आलंय.

आपले एक श्रोते अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहतात. कामावरच्या मित्रांबरोबर दोन हंगाम हरणाच्या शिकारीला जाताहेत. तिथे परवाना काढून ती करता येते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपला, आणि ते बरं झालं असं माझं मत आहे. पण शिकार करावी की नाही हा आजचा प्रश्न नाही. तिथे नियम असा की हरणावर गोळी झाडायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून. म्हणजे त्याच्याही आधी झाडावरच्या मचाणावर जाऊन बसायला हवं. म्हणजे मिट्ट काळोखात, एकट्यानं, रानातून चालत जायचं. ते लिहितात, ‘सर, मचाणावर चढून बसलो की काही वाटत नाही. पण त्या वाटेवर छाती धडधडते, मागे कोणीतरी आहे असं वाटत राहतं. चाळिशी उलटली माझी, कुणाला सांगायची लाज वाटते. ही भीती कशी घालवू?’

आधी लाजेचं बघू. जिम कॉर्बेट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण त्यानं १९०७ साली मारली. तिच्या नावावर ४३६ बळींची नोंद आहे. तिच्या मागावर पाली नावाच्या गावी पोचल्यावर पहिल्याच रात्री हा माणूस गावाबाहेर रस्त्याकडेला झाडाला पाठ टेकून बसला. चांदणं होतं. वारा आला की फांद्यांच्या सावल्या हलायच्या आणि त्याला अनेक वाघ चाल करून येताना दिसायचे. भीतीनं आणि थंडीनं दात वाजत होते. उठून गावात परत का गेला नाही? तर आपण घाबरलो हे गावकऱ्यांना सांगायचं धैर्य नव्हतं म्हणून! हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. पहाटे माणसं शोधत आली तेव्हा गुडघ्यांवर डोकं ठेवून तो गाढ झोपलेला होता. तेव्हा चाळिशीतल्या माणसानं लाजायचं कारण नाही. तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

आता मुद्द्याकडे येऊ. काळोखात नेमकं होतं काय?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. एक उजेडातल्या, रंग आणि बारकावा दाखवणाऱ्या. दुसऱ्या अंधुक प्रकाशातल्या, ज्यांना रंग कळत नाही. या दुसऱ्या पेशी पुरत्या जाग्या व्हायला जवळजवळ अर्धा तास लागतो. शिवाय नजरेचा जो अगदी मधला बिंदू, तिथे त्या नसतातच. याचा परिणाम बघा. काळोखात डोळ्याच्या कोपऱ्यातून तुम्हाला एक वाकलेली आकृती दिसते. दचकून तुम्ही सरळ तिच्याकडे बघता, तर ती नाहीशी! नजर जरा बाजूला केली की पुन्हा हजर. भूत असंच वागतं ना? असतो झाडाचा बुंधा. पण बघणाऱ्याला ‘होतं आणि गेलं’ असा पक्का अनुभव आलेला असतो. त्याला खोटारडा म्हणू नका, त्याच्या डोळ्यानं तसंच दाखवलं.

वेदान्तातला दोरी आणि सापाचा दृष्टान्त आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातली एक गोष्ट निसटते. तो दृष्टान्त भर दुपारी चालत नाही, आणि पूर्ण अंधारातही चालत नाही. त्याला अर्धवट उजेड लागतो. काहीतरी आहे एवढं कळायला हवं आणि काय आहे ते कळता कामा नये. मधली मोकळी जागा मन भरून काढतं. बरं, मन ती फुलांनी भरत नाही, सापानं भरतं. ते शहाणपणाचंही आहे म्हणा. दोरीला साप समजणारा एखाद वेळी फुकट उडी मारतो. सापाला दोरी समजणारा दुसरी चूक करायला उरत नाही.

बृहदारण्यक उपनिषदात एक मोठी सुंदर कथा आहे. आरंभी तो एकटाच असतो, आणि घाबरतो. मग विचार करतो की माझ्याखेरीज इथे कोणी नाही, मग मी भितोय कुणाला? आणि भीती जाते. कारण भीतीला दुसरा कोणीतरी लागतो. तत्त्वज्ञान म्हणून फार खोल आहे हे. पण पेनसिल्व्हेनियातल्या रानात पहाटे पाच वाजता हे जसंच्या तसं लावू नका, कारण तिथे दुसरा खरोखरच आहे! पाचोळ्यात उंदीर पळतोय. वाऱ्यावर तुमचा वास आलेलं हरीण नाकातून जोरात फुस्स करतंय. ग्राउज नावाचा तित्तिरासारखा पक्षी पायाजवळून अचानक फडफडत उठतो, तेव्हा अनुभवी शिकाऱ्याचंही काळीज हलतं. म्हणून ‘मागे कोणी नाही, मागे कोणी नाही’ असं मनाला बजावण्यात अर्थ नाही. मनाला ते पटत नाही, आणि ते खरंही नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जो आहे तो कोण आहे?

कॉर्बेटनं हे लहानपणीच केलं. ‘जंगल लोअर’ या १९५३च्या पुस्तकात तो सांगतो, की डॅन्सी नावाच्या एका आयरिश मुलानं कालाढुंगीच्या पोरांना बॅनशी नावाच्या रानातल्या किंचाळणाऱ्या हडळीच्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. एकदा वादळी वाऱ्यात कॉर्बेटला ती किंचाळी खरोखर ऐकू आली, आणि तो जीव घेऊन पळाला. पण नंतर तो पुन्हा गेला. आवाजाच्या दिशेनं दबकत दबकत गेला. बघतो तर एक प्रचंड झाड अर्धवट उन्मळून दुसऱ्या झाडावर रेललेलं. वाऱ्यानं दोन्ही खोडं एकमेकांवर घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली, आणि किंचाळी त्या घासण्याची. एवढं बघूनही त्याचं समाधान झालं नाही. बंदूक खाली ठेवून तो त्या झाडावर चढला आणि आवाज आपल्या बुडाखालून येतोय याची खात्री होईपर्यंत तिथे बसून राहिला. मला या कथेतली ही शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. कळणं एक आणि अंगाला पटणं दुसरं.

मानसशास्त्रानं हीच वाट पुढे पद्धतशीर केली. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी ससा बघून घाबरणाऱ्या पीटर नावाच्या एका लहान मुलावर काम केलं. त्याला खाऊ द्यायचा आणि ससा लांब ठेवायचा. मग थोडा जवळ. मग आणखी जवळ. शेवटी पोरगा सशाला हात लावू लागला. त्याला समजावत बसण्यानं हे झालं नसतं. आपण मात्र काय करतो? घाबरलो की पावलं उचलतो, मचाणापर्यंत जवळजवळ पळत जातो. तिथे पोचल्यावर छाती शांत होते, आणि शरीर धडा घेतं की पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी भीती तेवढीच, कधी कणभर जास्तच.

तेव्हा या गृहस्थांना माझं सांगणं असं. ती वाट हंगामाआधी दिवसा दोनचार वेळा चाला. कुठे ओढा आहे, कुठला बुंधा माणसासारखा दिसतो, कुठलं झाड कुरकुरतं, ते बघून ठेवा. जमल्यास हात लावून बघा. मग तीच वाट तिन्हीसांजेला चाला, आणि मग अंधारात. मध्ये थांबा, बसा, डोळ्यांना त्यांचा अर्धा तास द्या. आवाज आला की तिथेच उभं राहून त्याला नाव द्यायचा प्रयत्न करा. नाव नाही सापडलं तर दिवसा येऊन शोधा. छाती धडधडेल, धडधडू द्या. ती उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढंच पथ्य.

आता अ‍ॅरिस्टॉटल. तो शूर माणसाला निर्भय म्हणत नाही. ज्याला भ्यायला हवं त्याला, जेवढं भ्यायला हवं तेवढं, जेव्हा भ्यायला हवं तेव्हा जो भितो, तो शूर. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही, तो त्याच्या हिशेबात बिघडलेला माणूस आहे. या कसोटीवर आपल्या श्रोत्याची भीती तपासा. ते भितात कुणाला? काळोखाला आणि अस्वलाला. तिथलं काळं अस्वल माणसाची चाहूल लागली की सहसा स्वतःच निघून जातं. आणि मचाणावर चढल्यावर म्हणे ‘काही वाटत नाही’! अहो, वाटायला हवं ते तिथे. उंचावरच्या मचाणावरून पडून शिकारी जायबंदी होतात, मरतातही. भीतीचं काम तिथे आहे. जमीन सोडायच्या आधी अंगाला सुरक्षेचा पट्टा लागलेला हवा. बंदूक रिकामी, खाली दोरीला बांधलेली, आणि वर स्थिर बसल्यावर ओढून घेतलेली हवी. पत्रात पट्ट्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मी त्यांना उत्तरात पहिला प्रश्न तोच विचारलाय.

आणि भिण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे आपण स्वतः. दशरथाची गोष्ट आठवा. शब्दवेधी बाण मारणारा राजा, रात्रीची वेळ, नदीकाठ. पाण्यात घडा बुडल्याचा बुडबुड आवाज आला, हत्ती पाणी पितोय असं वाटलं, बाण सुटला, आणि श्रावण गेला. दशरथ घाबरलेला नव्हता, त्याला आपल्या कानांवर फाजील विश्वास होता. घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक असली तरी होतं तेच. दोघांनीही आवाजाला नाव देण्याची घाई केलेली असते. म्हणून अंधाराच्या वाटेवर बंदूक भरलेली नको, काहीही ऐकू येवो.

शेवटी त्यांनी बॅटरीबद्दल विचारलंय. डोक्याला बांधायचा दिवा लावावा की न लावता धीट व्हावं? लावावा. त्यानं भीती जाईल असं नाही. उजेडाच्या वर्तुळाबाहेरचा काळोख उलट जास्तच काळा होतो, म्हणून मधूनमधून थांबाल तेव्हा तो विझवून बसा. पण चालताना तो हवा. बंदुकीच्या हंगामात तिथे अंगावर भडक नारिंगी कपडा घालावा लागतो, आणि काळोखात रंग दिसत नाहीत, तो कपडा करडाच दिसणार. त्या रानात त्या पहाटे आणखीही शिकारी चालत असतात, त्यांतला एखादा तुमच्याइतकाच घाबरलेला असेल. पाचोळ्यात वाजणारी पावलं माणसाची आहेत, हे त्याला लांबून कळायला हवं.