तेल एकच, अंगाला लागणं वेगळं

वजनामागचं शरीर : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण भुकेचा आणि तृप्तीचा हिशेब मेंदू कसा ठेवतो ते पाहिलं. आज तो हिशेब घेऊन थेट स्वयंपाकघरात जाऊ.

एका घरात दोन जावा आहेत असं समजा. कढई एकच, पोळ्यांचा डबाही एकच. लग्नात दोघींच्या ब्लाउजचं माप सारखंच होतं. पंधरा वर्षांनी धाकटी तशीच आहे, थोरलीचे ब्लाउज मात्र दोनदा उसवून झाले. मग घरीदारी थोरलीलाच ऐकावं लागतं, ‘तोंडावर जरा ताबा ठेव.’ धाकटीच्या ताटात काय असतं हे कुणी बघत नाही, कारण तिचं खाणं अंगावर दिसत नाही.

या दोघींमधला फरक खरोखर ताब्याचाच आहे का? याचं उत्तर शोधणारा एक सुंदर प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या लावाल विद्यापीठात क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या देखरेखीखाली एकत्र ठेवल्या. शंभर दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला त्याच्या गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात एकूण ८४,००० कॅलरी जादा गेल्या, आणि त्या सगळ्यांना सारख्याच. सरासरी वजन ८.१ किलोने वाढलं. पण एकाचं वाढलं फक्त ४.३ किलो आणि दुसऱ्या कुणाचं १३.३ किलो! खरी गंमत पुढे आहे. एका जोडीतल्या दोन भावांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते आणि फरक पडत होता तो मुख्यतः एका जोडीत आणि दुसऱ्या जोडीत. चरबी पोटावर साठते की इतरत्र, यातही भाऊ भावासारखाच निघाला. सगळे तरुण जादा जेवले, पण त्या जेवणाचं पुढे काय करायचं हे बरंचसं त्यांच्या जनुकांनी ठरवलं.

मग यात तेला-तुपाचा वाटा काय? एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन शरीराला ४ कॅलरी देतं, तर एक ग्रॅम मेद ९. शिवाय प्रथिन पचवून वापरण्यात त्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, पिष्टाच्या बाबतीत ५ ते १० टक्के. मेदासाठी हा खर्च जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत जातो. जास्तीचा मेद शरीर जवळजवळ आहे तसाच कोठारात टाकतं. त्यामुळे जनुकांमधला फरक मेदाच्या ताटावर उठून दिसेल, अशी शंका संशोधकांना होतीच.

डोलोरेस कोरेला, होजे ओर्दोवास आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या शंकेला एका ठरावीक जनुकाचा आधार दिला. त्या जनुकाचं नाव एपीओए-२. रक्तातून मेद वाहून नेणाऱ्या कणांमधलं एक प्रथिन हे जनुक बनवतं. त्यातल्या एका जागी काहींना ‘टी’ हे अक्षर मिळालेलं असतं, काहींना ‘सी’. अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांतले ३,४६२ लोक त्यांनी तपासले. अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांतले ३,४६२ लोक त्यांनी तपासले. रोज २२ ग्रॅमपेक्षा कमी संपृक्त मेद (तूप, साय, खोबरं, डालडा यांतला) खाणाऱ्यांत ‘सी-सी’ असण्यानसण्याने वजनात काहीच फरक नव्हता. त्याहून जास्त खाणाऱ्यांत मात्र ‘सी-सी’ असलेल्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) इतरांपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त निघाला. तेच जनुक एका ताटापुढे गप्प होतं आणि दुसऱ्या ताटापुढे बोलू लागलं.

हे २२ ग्रॅम म्हणजे किती, ते आपल्या ओट्यावर मोजू. म्हशीच्या सायीसकट दुधाचे दोन पेले घेतले की सोळा-सतरा ग्रॅम झाले. दिवसभरात पोळी-भातावर दोन चमचे तूप घेतलं की वर सहा. बावीस भरले! वाटणातलं सुकं खोबरं, चहाबरोबरची खारी किंवा डालड्यातली मिठाई यांचा हिशेब अजून लागायचाच आहे.

तळणाचीही गोष्ट अशीच आहे. अमेरिकेतल्या हजारो परिचारिका आणि आरोग्यसेवकांची माहिती वर्षानुवर्षं गोळा केली गेली. वजनाशी संबंधित ३२ जनुकीय खुणा त्या माहितीशी ताडून पाहणारा अभ्यास २०१४ साली आला. ज्यांच्या वाट्याला अशा खुणा जास्त आल्या होत्या, त्यांच्यात आठवड्यातून चार किंवा त्याहून जास्त वेळा तळलेलं खाणाऱ्यांच्या आणि क्वचित खाणाऱ्यांच्या बीएमआयमधलं अंतर, कमी खुणा असलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कमी खुणा असलेल्यांनाही तळणातून सूट नव्हती. तेही जाड झाले, फक्त कमी.

मग जनुकं तपासून घ्यावीत आणि आपल्यासाठी कमी पिष्टाचा आहार की कमी तेलाचा, ते प्रयोगशाळेला विचारावं का? सध्या तरी पैसे वाचवा. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी नेमकं हेच तपासलं. ६०९ जणांपैकी काहींना वर्षभर कमी मेदाचा आणि काहींना कमी पिष्टाचा आहार दिला. २०१८ मध्ये निकाल आला तेव्हा पहिल्यांचं सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्यांचं ६ किलो वजन उतरलं होतं. कुणाला कोणता आहार मानवेल हे त्यांनी निवडलेल्या जनुकीय खुणांना सांगता आलं नाही. वजन शेकडो जनुकांच्या इवल्या इवल्या धक्क्यांनी ठरतं. त्यातली दोन-चार हातात धरून माणसाचं ताट आखता येत नाही.

मला मनापासून सांगायचं आहे ते एवढंच. थोरल्या जावेच्या अंगावर जे दिसतं त्यात तिच्या आईवडिलांकडून आलेला मोठा वाटा आहे. तो तिने मागून घेतलेला नाही आणि त्याबद्दल तिला बोल लावणं अन्याय आहे. पण अशी जनुकं ज्या तेला-तुपापुढे बोलू लागतात, ते एकटीच्या ताटात पडत नाही, सगळ्यांच्या कढईत पडतं. म्हणून तिच्यासाठी वेगळी कोरडी भाजी शिजवू नका. तेलाच्या नव्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहा आणि ती किती दिवसांत संपते ते बघा. फोडणीला पळीऐवजी चमच्याने तेल घाला. धाकटीलाही त्याने फायदाच होईल आणि थोरलीला जेवताना कुणाची नजर चुकवावी लागणार नाही.

(पुढच्या आठवड्यात : २००७ साली लठ्ठपणाशी नातं सापडलेलं एफटीओ हे जनुक आणि पुण्यात उलगडलेलं ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय शरीराचं कोडं.)