त्यांनी पत्राला उत्तर दिलं

रात्री गाडीखाली येऊन मेलेलं कुत्रं तुम्हीही रस्त्यात पाहिलं असेल. वाईट वाटतं आणि आपण पुढे निघून जातो. पुण्याचा शंतनू नायडू तेव्हा नुकताच इंजिनीअर झाला होता. तो मात्र थांबला. मित्रांना गोळा करून त्यानं भटक्या कुत्र्यांसाठी अंधारात चमकणारे पट्टे बनवले. पैशांची चणचण भासली, तेव्हा थेट रतन टाटांनाच पत्र लिहिलं.

गंमत बघा, उत्तर आलं! भेट झाली, मदत मिळाली. पुढे शंतनू त्यांच्यासोबत कामाला लागला. २०२२ मध्ये त्यानं एकट्या ज्येष्ठांना तरुण सोबती मिळवून देणारी ‘गुडफेलोज’ सुरू केली. त्यातही टाटांनी पैसे गुंतवले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आसामात दिब्रुगडला, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकारच्या सात कॅन्सर हॉस्पिटलांचं उद्घाटन झालं. ८४ वर्षांचे टाटा तिथे म्हणाले, आयुष्याची उरलेली वर्षं आरोग्यासाठी देतो. ९ ऑक्टोबर २०२४ ला ते गेले. हॉस्पिटलं सुरू आहेत.

त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडे नाही, मान्य. पण अनोळखी पोराचं पत्र मन लावून वाचायला पैसा कुठे लागतो? तुमच्या डोक्यात एखादी आयडिया असेल, तर बिनधास्त लिहा. आणि हो, कुणा ज्युनिअरचा ‘दादा, जरा मदत हवी होती’ असा मेसेज तुमच्याकडे पडून असेल, तर आजच उत्तर द्या. त्यांची आठवण अशीही ठेवता येते.