लष्करी बनावटीची जुनी पिस्तुले : खरेदी, वारसा आणि शस्त्र अधिनियम

प्रस्तावना :
विदर्भातील जुन्या मालगुजार घराण्यांत तसेच निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या कुटुंबांत आजोबा-पणजोबांच्या काळातील पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर आढळणे ही नवलाची बाब नाही. परवानाधारकाच्या निधनानंतर हे शस्त्र कपाटात तसेच पडून राहते. दुसरीकडे, परदेशात सैन्याने वापरातून काढलेली पिस्तुले माफक किमतीत मिळतात हे वाचून तशी खरेदी येथेही शक्य असावी, असा समज होतो. या दोन्ही बाबींसंबंधीचे अज्ञान सुशिक्षित माणसासही फौजदारी गुन्ह्यात गोवू शकते. म्हणून या विषयाचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
ब्रिटिश सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या शस्त्रधारणेवर कडक निर्बंध घातले. या कायद्याविरुद्ध १९२७ मध्ये नागपुरातच मंचरशा आवारी यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे येथे उल्लेखनीय आहे. स्वातंत्र्यानंतर शस्त्र अधिनियम, १९५९ संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. आज त्याच्या जोडीला शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत.

लष्करी पिस्तूल स्वस्तात का मिळत नाही?
अमेरिकेत २०१८ पासून सैन्याच्या साठ्यातील एम-१९११ पिस्तुले पात्र नागरिकांना विकली जाऊ लागली. भारतात असे घडत नाही, याचे मुख्य कारण ‘बोअर’ हे होय. सैन्यात वापरली जाणारी ९ मि.मी., .३८० व .४५५ ही काडतुसे ज्यांत बसतात अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरची मानली जातात. त्यांचा परवाना देण्याचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. त्यामुळे पहिल्या महायुद्धातील .४५५ चे वेब्ली, दुसऱ्या महायुद्धातील .३८ चे एनफिल्ड आणि ९ मि.मी.चे ब्राउनिंग ही तिन्ही प्रसिद्ध लष्करी शस्त्रे सामान्य खरेदीदाराच्या कक्षेबाहेर जातात.

उरते ते प्रामुख्याने .३२ बोअर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. परिणामी त्यापूर्वी आलेली परदेशी बनावटीची .३२ पिस्तुलेच हातोहाती फिरत राहिली व त्यांच्या किमती मूळ मूल्याच्या कितीतरी पट वाढल्या. थोडक्यात, इतरत्र ‘जुने म्हणून स्वस्त’ असलेली वस्तू येथे ‘दुर्मीळ म्हणून महाग’ ठरली. देशी आयुध निर्माणींचे शस्त्रही अगदी स्वस्त नव्हते. २०१४ मध्ये कानपूर येथील ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती.

खरेदी व हस्तांतरण :
प्रतिबंधित नसलेल्या बोअरचा परवाना नागपूर शहरात पोलीस आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी देतात. खाजगी व्यक्तीकडून जुने शस्त्र घ्यावयाचे असल्यास खरेदीदाराकडे परवाना असणे आवश्यक आहे. विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावे लागते व त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे झाली आहे.

वारसाहक्काने आलेले शस्त्र :
शस्त्र वारसाने मिळते, परवाना मिळत नाही. परवानाधारकाचे निधन होताच कुटुंबाकडील ताबा आपोआप कायदेशीर राहत नाही. कलम २१ नुसार असे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्यानंतर वारसास स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या नियमांनुसार धारकाच्या हयातीतही, त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा वारसाच्या नावे परवान्याचा विचार होऊ शकतो. ज्येष्ठांनी ही तरतूद वेळीच वापरणे हिताचे आहे. विनापरवाना ताब्यास दोन ते पाच वर्षांच्या कारावासाची, तर प्रतिबंधित शस्त्राच्या बाबतीत सात ते चौदा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

‘फार जुने आहे, म्हणून परवाना लागत नाही’ हा समजही तपासावयास हवा. कलम ४५ मधील सूट कालबाह्य बनावटीच्या, पुराणवस्तुमूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त अशा शस्त्रांना आहे. परंतु ते शस्त्र दुरुस्ती करून अथवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येणे शक्य नसावे, ही अट आहे. म्हणजेच निकष वयाचा नसून क्षमतेचा आहे. १९१५ चे वेब्ली शंभरी ओलांडूनही चालू स्थितीत असेल, तर ते कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच होय.

निष्कर्ष :
१. भारतात लष्करी बनावटीचे जुने पिस्तूल स्वस्तात खरेदी करण्याचा मार्ग सामान्य नागरिकास व्यवहारतः उपलब्ध नाही.
२. जुन्या शस्त्राची किंमत विचारण्याआधी त्याचा बोअर व परवाना तपासावा.
३. वारशाने आलेले शस्त्र आधी जमा करावे, निर्णय नंतर घ्यावा.
४. ज्या शस्त्रास ऐतिहासिक मूल्य आहे ते रीतसर परवानगीने संग्रहालयाच्या स्वाधीन करण्याचा विचार व्हावा. १८६३ मध्ये स्थापन झालेले आपले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा ‘अजब बंगला’, शस्त्रांचा संग्रह जपत आले आहे. कपाटात गंजत पडलेल्या आणि कुटुंबास धोक्यात आणणाऱ्या वस्तूपेक्षा तेथील नोंदलेली वस्तू अभ्यासकांच्या अधिक उपयोगाची आहे.